नाक कुणावर गेलंय?

चिऊ,

गुरुवारी रात्री अकराला तुझा फोन आला तेव्हा मी गौरींच्या फराळाचे डबे लावत होते. "ताई, डॉक्टर म्हणाले, आता डोनर एगशिवाय पर्याय नाही," एवढं बोललीस आणि गप्प झालीस. मागे रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. म्हणजे तू गॅलरीत उभी राहून बोलत होतीस, घरात ऐकू जाऊ नये म्हणून. मग हळूच विचारलंस, "ते माझं होईल का गं?"

मी "होईल गं, असं काय करतेस" असं काहीतरी गुळमुळीत बोलले आणि फोन ठेवला. मग रात्रभर झोप नाही. कारण या प्रश्नाचं उत्तर मला तेवीस वर्षांपासून ठाऊक आहे, आणि तू सख्खीपेक्षा जवळची मावसबहीण असूनही मी ते तुझ्यापासून लपवलंय. आज तुझ्या भाऊजींना आणि लेकीला विचारून, दोघांच्या होकाराने लिहितेय. चहा घेऊन बस, लांबण लागणार आहे.

माझं लग्न १९९३ चं. तू तेव्हा परकर-पोलक्यात मांडवभर पळत होतीस. पुढची आठ वर्षं पाळणा हलला नाही. त्या आठ वर्षांत माझी दोनदा दुर्बीण झाली. नळ्या मोकळ्या आहेत का बघायला आत औषध सोडून एक्स-रे काढतात ना, तो झाला. त्या टेबलावर मी आईला हाक मारली होती. सोळा सोमवार झाले, नवस झाले. नणंदेच्या डोहाळजेवणात सासूबाई मला म्हणाल्या, "तू जरा आत वाढपाचं बघ." ओटी भरायला माझा हात नको होता, एवढं न सांगता कळलं. आणि या आठ वर्षांत भाऊजींची तपासणी किती वेळा झाली? एकदाही नाही. त्यांच्या तपासणीला लागते एक प्लास्टिकची डबी आणि दार बंद करून दहा मिनिटं. ती डबी पुढे एका नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात ठेवली. रिपोर्टमध्ये एकच ओळ होती: शुक्रजंतू आढळले नाहीत.

तुझे भाऊजी त्या दिवशी एसटी स्टँडवर तासभर बसून राहिले होते. मी उसाचा रस आणला, तो तसाच कोमट होऊन गेला. आठ वर्षं मला जे ऐकावं लागलं ते सगळं त्यांना त्या तासाभरात ऐकू आलं असावं.

पुढचं तू ओळखलंच असशील. डोनर. डॉक्टरीणबाई भल्या होत्या, पण त्या काळी सगळेच देत तोच सल्ला त्यांनीही दिला: घरात कुणाला सांगू नका, मुलाला तर मुळीच नाही. दहा मिनिटांत आमचं बोलणं संपलं. २००२ मध्ये लेक झाली. बारशाला सासूबाईंनी पाळण्यात वाकून पाहिलं आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाक बघा गं, अगदी आमच्या ह्यांच्यावर गेलंय!" मी पाळण्याच्या दोरीकडे बघत राहिले. भाऊजी उगाच पंख्याचं बटण चालू-बंद करत होते. ते नाक मग वीस वर्षं आमच्या घरात वावरलं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत कुणीतरी ते आजोबांना नेऊन चिकटवायचं, आणि दर वेळी मी आतल्या आत एक आवंढा गिळायचे.

गुपित तसंच चितेवर गेलं असतं. पण भाऊजींच्या घराण्यात हृदयविकार आहे. सासरे शेहेचाळिसाव्या वर्षी गेले, दिरांची बायपास झाली, आणि लेक एकोणीस वर्षांची असताना भाऊजींनाही स्टेंट टाकावा लागला. पोर हादरली. दर सहा महिन्यांनी स्वतःहून लिपिड प्रोफाइल काढायला लागली. साजूक तूप बंद, वडा बंद, दिवाळीत चकलीला हात नाही. रात्री मोबाइलवर आनुवंशिकतेबद्दल वाचत बसायची. एक दिवस रिपोर्ट हातात घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आई, हे माझ्या रक्तातच आहे. मी चाळिशी गाठेन ना गं?" रिपोर्ट अगदी छान होता. पण तिचे डोळे बघवत नव्हते.

त्या रात्री आम्ही दोघांनी तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "म्हणजे मी वडा खाऊ शकते?" आम्ही तिघंही हसलो, आणि हसता हसता भाऊजी रडायला लागले. मग आठ दिवस ती कुणाशीच बोलली नाही. नवव्या दिवशी सकाळी त्यांना चहा नेऊन दिला आणि म्हणाली, "बाबा, मला राग त्याचा नाही आलेला. तुम्ही दोघं वीस वर्षं मला सोडून हे गुपित सांभाळत बसलात, त्याचा आलाय."

चिऊ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. मूल तुझं होईल. माझं झालंच की! तिच्या तापात जागलेली रात्र, दहावीच्या गणितावरून झालेली भांडणं, सायकल शिकवताना तिच्यामागे धावलेले तिचे बाबा, यात परकं कुणीही नव्हतं. आमच्या घरात परकं होतं ते गुपितच.

आता मावशीचं. तुझी आई परवा मला म्हणाली, "काय हे दिवस, बाजारातून आणल्यासारखी मुलं आणायची, कुटुंब म्हणून काही राहणार आहे की नाही?" तिच्यावर रागावू नकोस. तिला जरा मागची आठवण करून दे. आपल्या आजीला नऊ बाळंतपणं झाली, पाच मुलं जगली. तिच्या मुलींना दोन-तीन मुलं. आपल्या पिढीत एक, फार तर दोन. माझ्या लेकीला सख्खी बहीण नाही, भाऊबीजेला ओवाळायला सख्खा भाऊ नाही. मग कुटुंबाचा आकार बदलला तो काय टेस्ट ट्यूबने? तो बदलला निरोधने आणि कॉपर-टीने. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हाही लोक हेच म्हणत होते की आता घरं बुडणार. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा, पण विल्सन कॉलेजातली नोकरी त्याला सोडावी लागली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. आज ज्या घरांत कर्व्यांचं नावही माहीत नाही, त्या घरांतही 'दोघं पुरेत' हे गृहीत आहे. तंत्रज्ञानाची पहिली लाट अशी मुकाट्याने आली आणि आपण तिलाच 'आपली परंपरा' म्हणायला लागलो.

आणि रक्ताचंच म्हणशील, तर कोल्हापूरचे शाहू महाराज दत्तक, बडोद्याचे सयाजीराव दत्तक. वंश चालवायला दुसऱ्याच्या पोटचं मूल आणायचं, वाजतगाजत आणायचं, हे आपल्याकडे राजरोस होतं. लाज वाटायला लागली ती नंतर, जेव्हा घरं लहान झाली आणि मूल म्हणजे नवरा-बायकोच्या पुरुषार्थाचं आणि स्त्रीत्वाचं सर्टिफिकेट झालं.

दुसरी लाट टेस्ट ट्यूब बाळांची, १९७८ ची. २५ जुलैला इंग्लंडात लुईस ब्राउन जन्मली, आणि ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या हातून आपली 'दुर्गा'. त्यांच्यावर सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही, काम पुढे नेऊ दिलं नाही, आणि १९८१ मध्ये त्या माणसाने आत्महत्या केली. मग ६ ऑगस्ट १९८६ ला आपल्या मुंबईत, केईएममध्ये, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नाने मुलगी झाली. पहिला मान आपल्याकडे आला खरा, पण पुढे खुद्द आनंद कुमारांनीच मुखोपाध्यायांची टिपणं वाचून जाहीरपणे सांगितलं की पहिला मान त्यांचा. मला या सगळ्या गोष्टीतलं हेच फार आवडतं. केईएममधली ती मुलगी २०१६ मध्ये स्वतः आई झाली, आणि बाळंतपण डॉ. हिंदुजांनीच केलं.

तुमच्या घरी फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, इंजेक्शनची पेनं स्टीलच्या डब्यात ठेवलेली असतात ना? आणि सासूबाईंना तू सांगितलंयस की थायरॉइडचं औषध आहे. ठरलेल्या मिनिटाला ते ट्रिगर इंजेक्शन घ्यायला हळदीकुंकवातून उठून गेलीस आणि 'पोटात दुखतंय' म्हणालीस, हेही तूच मला सांगितलंस. हे सगळं मला नवं नाही. फरक एवढाच की माझ्या वेळी कायदा नव्हता, आता आहे. तो नीट समजून घे.

२०२१ च्या एआरटी कायद्याप्रमाणे बीज देणारी बाई २३ ते ३५ वयातली असावी लागते, तिला आयुष्यात एकदाच बीज देता येतं आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. तिची ओळख तुला कळणार नाही, तुझी तिला कळणार नाही. मुलावर तिचा कसलाही हक्क नाही. कायद्याच्या लेखी मूल तुझं आणि तुझ्या नवऱ्याचं, पोटच्या मुलाइतकंच, वारशासकट. आपल्या राज्याने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या नावाच्या आधी घातलंय ना? तिथे तुझंच नाव लागेल. 'आई कोण' याचं उत्तर पूर्वी सुईण द्यायची, आता कायदा देतो.

तुझी धाकटी जाऊ म्हणाली ना, "परकं कशाला, माझं घ्या"? तिचं मन मोठं आहे, पण हे पाऊल उचलू नकोस. एक तर आता दात्याचं बीज नोंदणी केलेल्या बँकेमार्फतच यावं लागतं. आणि दुसरं, २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेला दावा वाच. बाईला मूल होत नव्हतं, धाकट्या बहिणीने बीज दिलं, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या. त्याच सुमारास त्या बहिणीचा नवरा आणि मुलगी अपघातात गेले. काही काळाने थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने मुलींना घेऊन वेगळं बिऱ्हाड केलं, तिथे ती बहीणही राहायला आली. आणि मग त्याने म्हणावं काय, की मुलींची खरी आई मेव्हणीच, बायकोचा संबंध नाही! न्यायालयाने सांगितलं, बीज दिल्याने कुणी आई होत नाही, आणि त्या आईला मुलींना भेटण्याचा हक्क दिला. निकाल योग्यच आहे. पण घरातल्या घरात बीज दिलं-घेतलं की मावशी कुठे संपते आणि आई कुठे सुरू होते, याचा हिशोब जेवणाच्या ताटावर, सणावाराला, रोज करावा लागतो. नात्याला ते झेपेलच असं नाही.

सरोगसीचंही तसंच झालंय. समृद्धी पोरे यांचा 'मला आई व्हायचंय' पाहिला होतास ना, ज्यावरून पुढे हिंदीत 'मिमी' आला? त्यातलं पैसे घेऊन परदेशी जोडप्याचं मूल पोटात वाढवणं आता कायद्याने बंद आहे. पैसे द्यायचे नाहीत, फक्त दवाखान्याचा खर्च आणि विमा. बाई २५ ते ३५ ची, स्वतःचं मूल असलेली, आणि आयुष्यात एकदाच. हेतू चांगला आहे, गरीब बाईच्या पोटाचा बाजार होऊ नये. पण पैसा बंद केला की भार कुणावर येतो? घरातल्या ज्या बाईला 'नाही' म्हणता येत नाही तिच्यावर: विधवा नणंद, उपकाराखाली असलेली भावजय, माहेरी राहिलेली बहीण. तिने 'प्रेमाने' दिलं की दबावाने, हे कुठल्या प्रमाणपत्रावर येणार? आणि कायद्याने ज्यांना बाहेर ठेवलंय तेही बघ. एकटी बाई आयव्हीएफ करू शकते, पण सरोगसी फक्त विधवेला किंवा घटस्फोटितेला, तीही ३५ ते ४५ वयात. तुषार कपूर २०१६ मध्ये आणि करण जोहर २०१७ मध्ये लग्नाशिवाय बाप झाले; आज या कायद्याखाली त्यांना ते जमलं नसतं. समलिंगी जोडप्यांनाही दार बंद. म्हणजे तंत्रज्ञान म्हणतं 'या', आणि कायदा उंबऱ्यावर उभा राहून लग्नाचा दाखला मागतो. तेव्हा 'कुटुंब मोडणार' अशी भीती घालणाऱ्यांना सांग, कायदा अजून त्यांच्याच बाजूने राखण करतोय.

तरी नाती बदलतायत, आणि ती मला भीतीपेक्षा मायेनेच बदलताना दिसतात. पुण्यात १८ ऑक्टोबर २०१८ ला गॅलेक्सी केअरमध्ये एक मुलगी जन्मली. तिच्या आईचं गर्भाशय निकामी झालं होतं, म्हणून आजीने आपलं दिलं आणि डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या चमूने ते रोपलं. ज्या कुशीतून आई जन्मली त्याच कुशीतून लेक जन्मली. त्याच पुण्यात, त्याच वर्षी फेब्रुवारीत, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या एका शिक्षिकेने जुळी नातवंडं मांडीवर घेतली. तिचा तरुण मुलगा जर्मनीत शिकत होता. मेंदूचा कर्करोग झाला, केमोथेरपीआधी त्याचं वीर्य जपून ठेवलं होतं. तो गेला. आईने ते वीर्य आणवलं, दात्याचं बीज घेतलं आणि नात्यातल्याच एका बाईने ती मुलं पोटात वाढवली. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही अशाच एका आई-वडिलांना गेलेल्या मुलाचं जपलेलं वीर्य द्यायला सांगितलं. ही वार्ता वाचून मी दिवसभर गप्प होते. त्या आईचं दुःख कळतं. पण चिऊ, मूल जन्मायच्या आधीच कुणाच्या तरी जाण्याची भरपाई म्हणून जन्माला आलं तर त्याच्या खांद्यावर केवढं ओझं! 'नाक कुणावर गेलंय' हा प्रश्न मग खेळ राहत नाही, त्या पोराचं काम होऊन बसतं.

आणि एक गोष्ट मी विसरू शकत नाही. पुण्यात गर्भाशय रोपलं जात होतं त्याच सुमारास बीडमध्ये ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढली जात होती. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम दंड कापतो म्हणून, डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली म्हणून. २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली तेव्हा पाहणीत अशा तेरा हजारांवर बायका निघाल्या. तंत्रज्ञान कुणाला काय देतं हे त्या बाईच्या हातात कोयता आहे की क्रेडिट कार्ड, यावर ठरतं. आयव्हीएफच्या एका फेरीला लाख-दीड लाखापासून अडीच-तीन लाखांपर्यंत जातात. गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात २०२३ पासून हा उपचार मोफत सुरू झाला. आपल्याकडेही जिल्ह्याजिल्ह्यांत असं व्हायला हवं, नाहीतर मूल होणं ही पैसेवाल्यांची सोय होऊन बसेल.

आपला इतिहासही फार अभिमानाचा नाही. सोनोग्राफी आली तेव्हा ती बाळाचं व्यंग बघायला होती, आपण ती पोरीला शोधायला वापरली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात हजार मुलांमागे ८९४ मुली, आणि बीडमध्ये ८०७. साताऱ्याकडे मुलींची नावं 'नकुशी' ठेवली जात. २०११ मध्ये जिल्ह्याने समारंभ करून शेकडो मुलींची नावं बदलली. म्हणून उद्या कुणी तुला हळूच म्हणालं की "एवढा खर्च करताच आहात तर मुलगाच बघून घ्या", तर तिथून उठ. गर्भ रुजवण्याआधी लिंग निवडणंही २००३ पासून गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी तुला उठच म्हटलं असतं.

माझी लेक आता तेवीस वर्षांची. परवा विचारते, "आई, मी तिशीत एग फ्रीज करून ठेवू का? डायना हेडनने आठ वर्षांनी वापरली आणि २०१६ मध्ये तिला मुलगी झाली." मी म्हटलं, ठेव की, पण ती एफडी नाही. मुदत संपली की व्याजासकट हातात पडेल अशी हमी कुणी देत नाही. गोठवलेल्या बीजातून मूल होतंच असं नाही, आणि ज्या ऑफिसला तुझी तिशी हवी आहे त्यालाच तुझ्या चाळिशीत पाळणाघर काढायला सांग. ती हसली. पण मनातलं सांगते, तिला हा पर्याय आहे याचा मला आनंदच आहे. मला फक्त नवस होते.

आता तुझं. मोठी बहीण म्हणून चार गोष्टी सांगते, पटल्या तर घे.

तुझ्या नवऱ्याचे रिपोर्ट पुन्हा एकदा नीट बघून घ्या. दोघांचे. दुखणं दोघांचं आहे, घरी सांगतानाही "आम्हाला अडचण आहे" असंच दोघांनी म्हणायचं. "तिला अडचण आहे" हे वाक्य त्याच्या तोंडून निघता कामा नये, आणि निघालं तर मला फोन कर, मी बोलते त्याच्याशी.

सुरुवात करायच्या आधी किती फेऱ्या करायच्या ते कागदावर लिहून ठेवा. दोन म्हणा, तीन म्हणा. प्रत्येक वेळी गर्भ राहिला का बघायची रक्ताची तपासणी येते, आकडा खाली असतो, आणि समोरचा माणूस म्हणतो, "अजून एकदा करून बघू." त्या क्षणी नाही म्हणायला आधी लिहिलेला कागद लागतो. दागिने मोडायचे नाहीत, आईचं घर गहाण टाकायचं नाही. तुझी तब्येत हीही घरातली एक चीज आहे, सुजलेल्या पोटाने ऑफिसला जाऊन शौर्य दाखवू नकोस.

उरलेल्या गर्भांचं काय करायचं, तुम्हा दोघांपैकी कुणी गेलं किंवा वेगळे झालात तर काय, हा रकाना फॉर्ममध्ये असतो. बहुतेक जण न वाचता सही करतात. वाचा. ते वाचताना अंगावर काटा येईल, येऊ दे. न्यायालयात जाणारे बरेच तंटे त्या न वाचलेल्या पानातूनच जन्मतात.

दत्तकाचं नाव सगळ्यात शेवटी, हरल्यासारखं घेऊ नका. पहिल्याच दिवशी त्याच टेबलावर मांडा. एक डोनर एग, एक दत्तक, एक मूल नसलेलं पण भरलेलं घर. तिन्हींत तुम्ही दोघं सुखी राहू शकता, हे मी माझ्या मैत्रिणींच्या घरात डोळ्यांनी पाहिलंय.

आणि शेवटचं, ज्यासाठी एवढी पानं भरली. सगळ्या गावाला सांगू नकोस. सासूबाईंना कधी सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, शेजारच्या काकूंना तर कधीच सांगू नका. पण मुलाला सांगा. इंग्लंडात २००५ नंतर दिलेल्या दानातून जन्मलेल्या मुलांना अठरा पूर्ण झाल्यावर दात्याचं नाव विचारण्याचा हक्क आहे. आपल्याकडे नाही, म्हणून आपल्याकडे सांगायचं काम फक्त आई-बापांच्या जिभेवर आहे. विसाव्या वर्षी नको, आमच्यासारखं रिपोर्ट हातात घेऊन रडत असताना तर नकोच. तीन-चार वर्षांचं असताना, झोपताना गोष्ट सांगतो तशी सांगा: तू यावंस म्हणून एका मावशीने आम्हाला बी दिलं, डॉक्टरकाकूंनी ते रुजवलं, आणि मग तू माझ्या पोटात वाढलास. लहान मुलाला यात आश्चर्य वाटत नाही. त्याला फक्त विचारायचं असतं की मग जेवायला काय आहे.

बुधवारी अपॉइंटमेंट आहे म्हणालीस. संमतीपत्रावर सही करायच्या आधी तुम्ही दोघांनी ते एक वाक्य ठरवून ठेवा: मुलाला हे कोण सांगणार, कधी, कुठल्या शब्दांत. ते वाक्य जमलं की सही करायला हरकत नाही. आणि बारशाला मला सगळ्यात पुढे बसव. कुणी नाकाचा विषय काढलाच तर मी बघते त्यांच्याकडे.

तुझी,
ताई